सवलत कोणास?

घरपट्टी थकविणारावर दरमहा शेकडा 2 शास्ती बसवावयाची आणि थकबाकी फुगली की तीच माफ करावयाची, ही रीत न्यायाची नव्हे. मुदतीत कर भरणारा नांदेडचा व्यापारी यातून एवढेच शिकतो, की थांबला तोच शहाणा! सवलतीस आमचा विरोध नाही. पण ती आगाऊ भरणारास व गरिबास मिळावी. मुंबईत 2022 साली 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांस करमाफी मिळाली. लहान घरांविषयी तीच कणव मराठवाड्यातही हवी. 2016 साली मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांस नगराच्या तिजोरीचे मोल आम्ही काय सांगावे? उधारी बुडविणारास सूट देणारे दुकान किती दिवस चालेल?