दर्यावरचा वारा, गोंदियाची वीज

गोंदियाहून मुंबईचा समुद्र जवळजवळ हजार किलोमीटर दूर आहे. मग समुद्रात पवनचक्क्या उभारण्याच्या योजनेशी आपला काय संबंध, असे कोणीही विचारील. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी आणि मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. आपल्याकडे दर्या नाही. दरिया मात्र आहे, वैनगंगा!

तरीही संबंध आहे. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचे पाच संच २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले. तेथे कोळसा जळतो, वैनगंगेचे पाणी खर्च होते आणि राख मागे उरते. वीज मात्र उंच मनोऱ्यांवरील तारांतून दूरदूरच्या शहरांकडे जाते. ज्या तारांतून वीज पश्चिमेकडे जाते, त्यांतूनच ती पूर्वेकडेही येऊ शकते.

समुद्रावर डोंगर, झाडे, इमारती यांचा अडथळा नसतो. म्हणून तेथे वारा जोराने वाहतो. डेन्मार्कने १९९१ साली समुद्रात ११ पवनचक्क्या उभारून याची सुरुवात केली. भारताने २०१५ मध्ये यासाठी धोरण ठरवले. समुद्राच्या तळाशी पाया घालणे आणि केबल टाकणे फार खर्चाचे असते. त्यामुळे २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरात आणि तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी आर्थिक मदत मंजूर केली. कोकणच्या समुद्राचाही असाच अभ्यास व्हावा, असे मला वाटते. मात्र तेथील कोळी बांधवांना आधी विचारले पाहिजे. जाळी टाकायची जागा गेली, तर ते खाणार काय?

आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे वारा जोर धरतो तो पावसाळ्यात. गोंदियाच्या उन्हाळी धानाला पाणी लागते फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत. म्हणजे समुद्रावरचा वारा आला म्हणून तिरोड्याचा कोळसा लगेच थांबणार नाही. उन्हाळ्यासाठी सूर्याची मदत घ्यावीच लागेल. नुसते 'इतके मेगावॉट' म्हणून भागत नाही. वीज कोणाला आणि केव्हा हवी, हे आधी मांडले पाहिजे.

रात्रीच्या पाळीची वीज आली, की शेतकरी हातात बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला निघतो. बांधावर चिखल असतो, सापाची भीती असते. या माणसाला दिवसा किती तास वीज मिळेल, हे त्या योजनेच्या पहिल्याच पानावर लिहिलेले मला पाहायचे आहे.