निकाहनाम्यातले नाव आणि रेशनकार्डातले नाव

निकाहाच्या मजलिसीत वधूचे नाव घेतले जाते ते तिच्या बापाच्या नावासकट. वकील आणि दोन गवाह आत जातात, अमुक बिन्ते अमुक, इतक्या मेहरवर, कबूल आहे का, असे विचारतात. तिने होकार दिला की रजिस्टरात तेच नाव लिहिले जाते आणि त्याखाली तिची सही होते. आपल्या समाजातल्या बाईच्या आयुष्यात तिची संमती अशी समोरासमोर, साक्षीदार ठेवून विचारण्याचा हा बहुधा पहिला आणि बहुतेकींच्या बाबतीत शेवटचा प्रसंग. कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत तिचे माहेरच्या रेशनकार्डातले नाव कमी होते, सासरच्या कार्डात चढते, आणि चढताना ते बदललेले असते. मधले नाव नवऱ्याचे, आडनाव सासरचे. या वेळी ना वकील येतो ना गवाह. कबूल आहे का, हे कुणी विचारत नाही. घरातला एक पुरुष अर्ज भरतो आणि कारकून तो पुढे सरकवतो.

आम्हा मराठी मुसलमानांत या विषयावर आजवर फारसे लिहिले गेले नाही. तलाक, बुरखा, पोटगी यांवर रान उठले. नावाचा प्रश्न किरकोळ वाटला. आता मात्र तो घरोघर निघू लागला आहे, कारण मुली शिकल्या, डीएड-बीएड झाल्या, डॉक्टर-वकील झाल्या, आणि पदवीवर एक नाव, पगारपत्रकावर दुसरे अशी त्यांची ओढाताण सुरू झाली. मग घरात दोन आवाज ऐकू येतात. एक वडीलधाऱ्यांचा: आडनाव लावले नाही तर ती आपल्या घरची कशी म्हणायची? दुसरा नव्या पोरांचा, जे मोबाईलवर बयान ऐकून आलेले असतात: नवऱ्याचे आडनाव लावणे हराम आहे, ही गैरांची चाल आहे. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही एकमेकांशीच बोलतात. जिचे नाव आहे ती स्वयंपाकघरात असते.

हराम म्हणणाऱ्यांचा दाखला आधी पाहू. ते सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीकडे बोट दाखवतात. माणसांना त्यांच्या बापांच्या नावाने हाक मारा, असा तिचा आशय आहे. पण ती उतरली दत्तक मुलांच्या संदर्भात. हजरत जैद हे हारिसाचे पुत्र. पैगंबरसाहेबांनी (स.) त्यांना मुलगा मानले होते, म्हणून लोक त्यांना मुहम्मदपुत्र म्हणत. ते थांबले आणि ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. जाणूनबुजून दुसऱ्याला बाप म्हणणाऱ्याविषयी हदीसमध्ये कडक इशारा आहे, तोही खरा. पण नवऱ्याचे आडनाव लावणारी बाई नवऱ्याला बाप म्हणत नसते, हे शेंबड्या पोरालाही कळते. उलेमांतही यावर एकमत नाही. तेव्हा ज्या आमच्या आया-बहिणींनी आजवर नाव बदलले त्यांना गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार कुणाला पोहोचत नाही.

मात्र वडीलधाऱ्यांनीही ही सूट आपल्या पदरात पाडून घेऊ नये. कारण रिवाज म्हणून पाहिले तर आपल्या परंपरेचा कौल अगदी उघड आहे. उम्मुल मोमिनीनपैकी एकीच्याही नावापुढे नवऱ्याचे नाव नाही, आणि तो नवरा कोण होता हे सांगायला नको. हजरत खदिजा खुवैलिदच्या कन्या म्हणूनच ओळखल्या गेल्या. त्यांचे आधी विवाह झाले होते, त्या नवऱ्यांचीही नावे त्यांना चिकटली नाहीत. हजरत आयेशा बिन्ते अबू बक्र, हजरत हफ्सा बिन्ते उमर. इथवर कुणी म्हणेल की बाप मोठे होते म्हणून नाव राहिले. मग हजरत उम्मे हबीबा पाहा. त्यांचे वडील अबू सुफियान त्या निकाहाच्या वेळी मक्केत इस्लामचे कडवे विरोधक होते. हजरत सफिया पाहा. त्यांचा बाप हुयय मदिनेच्या मुसलमानांचा शत्रू होता. तरी त्या बिन्ते हुययच राहिल्या. शत्रूचे नावसुद्धा बायकोच्या नावातून खोडावे असे जिथे वाटले नाही, तिथे आमच्या एखाद्या सासऱ्याला व्याह्याचे नाव खुपावे, यात धर्म कुठे आला?

मग हा रिवाज आला कुठून? लांब जायला नको. आपण ज्या मातीत राहिलो तिथून आला, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपली आडनावेही इथलीच आहेत. दळवी, चौगुले, मुकादम, इनामदार, पाटील, देशमुख ही हुद्द्यांची आणि वतनांची. बागवान, तांबोळी, आत्तार, शिकलगार, पिंजारी ही धंद्यांची. गावाला ‘कर’ लावून झालेली तर कोकणात घरोघर. ही नावे अरबस्तानातून आलेली नाहीत आणि आम्हाला ती प्रिय आहेत. पण आडनाव हा प्रकार एवढा सनातन आहे असेही नाही. जुने दस्त काढून पाहा. तिथे हिंदू असो की मुसलमान, पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ आणि बापाचे नाव, बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि नवऱ्याचे नाव. मराठवाड्याच्या कागदांत ‘जौजे’ आणि ‘भ्रतार’. म्हणजे नवरा कोण हे लिहिलेले आहे, पण बाईचे नाव आहे तसेच आहे. आमच्या आज्या आमिनाबी, हुसेनबी, जैतूनबी म्हणून जन्मल्या आणि त्याच नावाने कबरीत गेल्या. नाते सांगणे वेगळे आणि नाव बदलणे वेगळे, हे त्या वेळच्या कुलकर्ण्याला कळत होते. शाळेचा दाखला, नोकरीचा अर्ज, बँकेचे खाते असे तीन-तीन रकाने आले तेव्हा हा फरक पुसला गेला.

इथे आमच्यातली एक गंमत सांगितली पाहिजे. शेखाची मुलगी शेखाच्या घरात दिली, पठाणाची पठाणाच्या, तर आडनाव बदलायचा प्रश्नच येत नाही. लोक म्हणतात, बघा, काहीच अडचण नाही. पण अडचण तिथेच जास्त. शेख सलमा इब्राहिमची शेख सलमा युसूफ होते, आणि एकाच तालुक्यात शेख सलमा शंभर असतात. त्यांच्यात फरक करणारी खूण मधल्या नावाची, म्हणजे बापाच्या नावाची. तीच गेली तर दहावीच्या गुणपत्रिकेवरची सलमा हीच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, महाराष्ट्र शासनाचे राजपत्र एवढे सगळे लागते. आपला खरा प्रश्न आडनावाचा कमी आणि मधल्या नावाचा जास्त आहे. शहरी चर्चांत हा मुद्दा कधी येत नाही, कारण तिथे दोनच नावे धरतात.

इतर मागासवर्गाच्या दाखल्याचेही तसेच. आपल्यातल्या कितीतरी व्यावसायिक जमाती त्या यादीत आहेत. जात जन्माने ठरते, क्रीमी लेयरसाठी उत्पन्न पाहतात तेही आई-बापाचे, नवऱ्याचे नाही. सरकारला मुलगी बापाची हवी असते आणि कागद मात्र सासरच्या नावाचा समोर येतो. मग हेलपाटे सुरू होतात, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर.

यापुढचे लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवे. आसाममध्ये नागरिक नोंदणीचे जे झाले ते आपण दूर बसून पाहिले. तिथे १९७१ पूर्वीच्या कागदात बाप-आजोबांचे नाव आहे एवढ्यावर भागत नव्हते, आपण त्यांचीच संतती हेही सिद्ध करावे लागत होते. पुरुषांकडे शाळेचे दाखले, जमिनीचे कागद होते. अल्पवयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळा न पाहिलेल्या बायकांकडे सासरच्या नावाचे कागद होते, आणि नवऱ्याशी असलेले नाते या कामी उपयोगाचे नव्हते. त्यांचा आधार ग्रामपंचायतीच्या दाखल्याचा. अमुक बाई अमुकाची मुलगी, लग्न होऊन इथे आली, एवढाच त्यातला मजकूर. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो दाखला अग्राह्य ठरवला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पडताळणीच्या अटीवर ग्राह्य धरला. मधले नऊ महिने लाखो बायका बापाचे नाव शोधत होत्या. ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली. २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीच्या पुनरीक्षणातही २००३ च्या यादीत स्वतःचे नाव नसेल तर आई-बापाचे दाखवा, असे होते. सासू-सासऱ्यांचे चालत नव्हते.

आम्ही भीती घालत नाही. कागदाच्या धाकाने बाईचे नाव ठरावे हेही आम्हाला मान्य नाही. पण ज्या समाजाला आज पावलोपावली तू कुणाचा म्हणून विचारले जाते, त्याने आपल्या अर्ध्या माणसांचा हा पुरावा आपल्याच हाताने, हौसेने, पेढे वाटून खोडावा?

आता त्या बयान ऐकणाऱ्या पोरांकडे पुन्हा वळतो. बाबांनो, बिन्ते या शब्दावर तुमचे एवढे प्रेम आहे, तर ते तलाठ्याच्या कचेरीत कुठे जाते? बाप वारला की चाळिसाव्यापर्यंत बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणे जाते. सही नाही केली तर भाऊ ईदला यायचा बंद होतो. वारस नोंदीत तिचे नाव आलेच तर ते सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लोंबकळते. कुरआनने मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा का होईना, पण नेमून दिला आहे. त्यात सवलत मागायची सोय नाही. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली गेली, त्यावर आमच्या मौलवींनी कधी मोर्चा काढल्याचे ऐकले नाही. ‘लग्नात एवढा खर्च केला’ हे उत्तर ठरलेले असते. म्हणजे नावात ती बापाची, जमिनीत ती परकी. आडनावाच्या हरामचा फतवा देणाऱ्याने आधी आपल्या बहिणीचा हिस्सा फेरफाराला लावावा, मग आम्ही त्याचे पुढचे ऐकू.

आणि तुम्ही, वडीलधाऱ्यांनो, सून घरची व्हावी म्हणून नाव बदलता. मग तलाक झाला तर? निकाह हा करार आहे, तो मोडू शकतो, आणि मोडल्यावर बाईला दुसरा निकाह करता येतो, ही आपल्या धर्माची उदारता आम्ही दुसऱ्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. हिशेब मांडा. माहेरचे एक, पहिल्या निकाहाचे दुसरे, खुला घेऊन पुन्हा माहेरचे, दुसऱ्या निकाहाचे तिसरे. दर वेळी आधार, पॅन, बँक, मुलाच्या शाळेचा अर्ज. आमच्या माहितीतल्या एका शिक्षिकेचा पगार अशाच घोळात चार महिने अडकला. कचेरीतल्या साहेबांचे म्हणणे एवढेच, की बाई, तुमचे एक काय ते ठरवा. जणू तिनेच ठरवले होते! शाहबानो आणि शायराबानो या दोघी नवऱ्याविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिल्या, एक १९८५ च्या निकालात, दुसरी २०१७ च्या. दोघींच्या नावात नवऱ्याचे नाव नव्हते म्हणून त्या देशाला स्वतःच्या नावाने माहीत झाल्या.

मुलांचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर सरकारनेच दिले आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहिले जाते. आईचे आडनाव वेगळे असल्याने मूल परके होत नाही. नवरा-बायको असल्याचा पुरावा लागतो तिथे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते, आडनाव नव्हे. राज्यात नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे, आणि आपल्याकडे अजून ‘निकाहनामा आहे ना’ म्हणून कितीजण नोंदणी टाळतात! पासपोर्टला तर डिसेंबर २०१६ पासून लग्नाचे प्रमाणपत्रही सक्तीचे नाही. लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असा कायदा या देशात कधीही नव्हता. कचेरीतला कारकून तसे म्हणाला तर त्याला नियम दाखवायला सांगावे.

तरीही एखादीला बदलावेसे वाटते. बापाने टाकलेली मुलगी असते, तिला त्याचे नाव मिरवायचे नसते. कुणाला धंद्याच्या आडनावाने शाळेत फार ऐकून घ्यावे लागलेले असते. मुसलमानांत जात नाही म्हणणाऱ्यांनी पिंजाऱ्याच्या मुलीला विचारून पाहावे. कुणाला नवऱ्याचे नाव लावायला आवडते, बस्स. यांतल्या कुणालाही आम्ही अडवणार नाही. फक्त सय्यदांच्या घरात आली म्हणून तिची जुनी ओळख लपवण्यासाठी नाव बदलवले जात असेल, तर ती तिची हौस नव्हे, हे ओळखण्याइतके शहाणपण आमच्याकडे आहे.

आमची मागणी लहान आहे, आणि ती जमातीच्या पंचांना आहे. निकाहनाम्याचे कोरे फॉर्म आपणच छापून घेतो. त्यात शर्ती लिहायला शरियतची मनाई नाही. त्यात मेहरच्या खाली एक ओळ वाढवा: निकाहानंतर वधू कोणते नाव लावणार. ती ओळ वधूने स्वतःच्या हाताने भरावी, त्याच दोन गवाहांसमोर. आम्ही हे दोन-चार ठिकाणी बोलून पाहिले, तेव्हा एकच हरकत आली, की अशाने वरपक्ष नाराज होईल. मेहरचा आकडा लिहितानाही वरपक्ष नाराज होतोच. तो लिहायचे आपण थांबवलेले नाही.