डिस्काउंटचा बोर्ड लावण्याआधी दहावीचं वर्गसमीकरण आठवा



प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "सर, आकडेमोड नको, डायरेक्ट सेल वाढवायचं सांगा." आज स्पष्टच सांगतो. सेल वाढवणं म्हणजे नफा वाढवणं नाही. हे मला बीबीएच्या वर्गात कळलं नाही, दुकानात मार खाऊन कळलं.

दुकानाचं पहिलंच वर्ष. पाव किलो भाजणीच्या चकलीचं पाकीट मला ८० रुपयांना पडायचं, मी १०० ला विकायचो. दिवसाला साधारण ६० पाकिटं जायची. एका पाकिटामागे २० सुटायचे, म्हणजे रोजचे १२०० रुपये. मग डोक्यात आलं, भाव ९० करू, गर्दी खेचू. गर्दी आली! ६० ची ७० पाकिटं झाली. गल्ला ६००० वरून ६३०० झाला. मी खूश. महिनाअखेरीला भाडं आणि पोराचा पगार द्यायला पैसे कमी पडले, तेव्हा वही उघडली. पाकिटामागे आता १० च सुटत होते. ७० गुणिले १० म्हणजे ७००. रोज ५०० रुपयांचा खड्डा, महिन्याला १५ हजार. आणि तो माझा मीच खणला होता.

नंतर उलटं करून पाहिलं. दोन आठवडे भाव १०५ ठेवला, ५५ पाकिटं गेली. म्हणजे माझ्याकडे हिशोब असा होता की १ रुपया वाढवला की १ पाकीट कमी. आता भाव क्ष रुपयांनी वाढवला तर?

नफा = (२० + क्ष) × (६० − क्ष)

मला रोज १५०० हवे होते. कंस सोडवून सगळं एका बाजूला घेतलं की उरतं:

क्ष² − ४०क्ष + ३०० = ०

हे तेच दहावीचं वर्गसमीकरण, अवयव पाडून सोडवायचं. ज्यांचा गुणाकार ३०० आणि बेरीज ४० अशा दोन संख्या शोधा. १० आणि ३०. म्हणून:

(क्ष − १०)(क्ष − ३०) = ०

दोन गोष्टींचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली एक तरी शून्य असलीच पाहिजे. म्हणजे क्ष १० किंवा ३०. भाव ११० ठेवा, ५० पाकिटं विका, पाकिटामागे ३० सुटतील: १५००. नाहीतर १३० ठेवा, ३० पाकिटं विका, ५० सुटतील: तेही १५००.

शाळेत आपण दोन उत्तरं लिहायचो आणि पुढच्या गणितावर जायचो. दुकानदाराचं काम तिथून सुरू होतं. १३० च्या भावात रोज २४०० रुपयांचाच माल लागतो, ११० मध्ये ४०००. भांडवल कमी असेल तर १३० चांगला वाटतो. पण त्यात निम्मी विक्री जाते, आणि चकली घ्यायला येणारा माणूस जाताना फरसाण, पापडही नेतो. शिवाय मी १०५ च्या पुढे भाव ताणून पाहिलेलाच नव्हता. मी ११० निवडला. गणित दोन दारं दाखवतं, आत कुठून जायचं ते आपण ठरवायचं.

आता समजा मी हट्ट धरला असता की १७०० च पाहिजेत. मग बेरीज ४० आणि गुणाकार ५०० हवा. नाही सापडणार. बेरीज ४० असताना गुणाकार जास्तीत जास्त २० × २० म्हणजे ४००. याचा अर्थ, भाव कितीही वरखाली करा, १७०० मिळणारच नाहीत. तिथे खरेदी स्वस्त करा, नाहीतर नवीन गिऱ्हाईक आणा. हे आधी कळलं तर कित्येक महिन्यांची धडपड वाचते.

कोणी म्हणेल, मोबाईलवर उत्तर मिळतं की! मिळतं. प्रत्येक आकड्याचे असे सरळ अवयव पडतही नाहीत, तिथे सूत्र किंवा मोबाईल खुशाल वापरा. पण एकदा तरी हाताने अवयव पाडा, म्हणजे दोन उत्तरं का आली आणि कधी एकही येत नाही, हे डोक्यात बसतं.

एक सावधगिरी. 'रुपयाला एक पाकीट' हा माझ्या गल्लीतला, माझ्या चकलीचा आकडा. तुमचा वेगळा असेल. दिवाळीचे दिवस धरू नका, साध्या दिवसांत थोडा भाव बदलून दोन आठवडे वहीत लिहा. समीकरण तुमच्या वहीतून आलं पाहिजे, माझ्या व्हिडिओतून नाही.

घरचे साठवलेले पैसे घालून धंद्यात उतरणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे: 'आज १० टक्के सूट' असा बोर्ड रंगवायला देण्याआधी अर्धा तास वही-पेन घेऊन बसा. बोर्ड पुसता येतो, गेलेले १५ हजार परत येत नाहीत.