इअरबड घेताय? आधी कानात नीट बसतात का पाहा

नॉइज कॅन्सलेशन असलेले इअरबड ही निव्वळ चैन आहे, असे मला वाटत नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत गाडीच्या घरघरीवर मात करायला आपण नकळत गाण्याचा आवाज वाढवत जातो आणि कानाचे नुकसान तिथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला ही मुदत अवघ्या ४ तासांवर येते. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

हे इअरबड बाहेरच्या आवाजाच्या उलट लहरी सोडून तो पुसतात. इंजिन, पंखा, एसी यांची एकसुरी घरघर त्यांना छान जमते. शेजाऱ्यांच्या गप्पा मात्र अडवते ती मुख्यतः कानात घट्ट बसलेली सिलिकॉनची टोपी. म्हणून जाहिरातीतल्या आकड्यांना भुलू नका. सोबत आलेल्या सगळ्या मापांच्या टोप्या लावून पाहा. कान वाहत असेल तर इअरबड घालूच नका.

घरघर गेली की आवाज ६० टक्क्यांच्या आत आणा. पूर्वीइतकाच ठेवणार असाल, तर महागडे इअरबड कशाला घेतले? रस्त्यावर आणि रूळांजवळ दोन्ही कान मोकळे हवेत, यात तडजोड नाही.

इअरबड काढल्यावरही कानात शिट्टी वाजत राहिली तर ऑडिओमेट्री करून घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ती होते.