खाणार काय?

बारावीचा निकाल लागला की आमच्या नांदेड-लातुराकडे घरोघर न्यायपीठ बसते. पोर म्हणाली, "मी बी. ए.ला तत्त्वज्ञान घेते," की काका, मामा, शेजारी एका सुरात विचारतात, "ते घेऊन खाणार काय?"

प्रश्न खोटा नाही. 2016 साली ज्या लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले, तिथल्या बापाने पोटाची चिंता वाहावी हे रास्तच. माझे भांडण प्रश्नाशी नाही. विचार तिथेच थांबवण्याशी आहे.

लातूर पॅटर्नने साध्या घरांतली मुले डॉक्टर केली, हे कोण नाकारील? 'नीट'मध्ये प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यांतला एक बरोबर. पण उद्या हाच डॉक्टर शुद्ध हरपलेल्या म्हाताऱ्याच्या खाटेशी उभा असेल आणि मुलगा विचारील, "यंत्र ठेवायचे की काढायचे?" 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, मात्र सन्मान म्हणजे काय, हे जीवशास्त्र सांगत नाही. तिथे पर्याय छापलेले नसतात.

कुणी या विषयाचा कैवार घेतात, तोही असा : "लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला चालतो, 500 गुणांचा आहे!" हा कैवार मला नको. सॉक्रेटिसाला गाइडात कोंबून विकण्याचाच हा प्रकार.

आमच्या मातीला विचाराचे वावडे कधीच नव्हते. निजामाने कोणत्या अधिकाराने राज्य करावे, असे विचारणाऱ्यांचे पुढारी होते स्वामी रामानंद तीर्थ, एक संन्यासी. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झाले आणि 1950 साली स्वामीजींच्याच प्रेरणेने नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले. तिथे नरहर कुरुंदकर शिकवीत मराठी, पण मनुस्मृतीलाही "का?" म्हणून विचारण्याचे धाडस त्यांनी मराठवाड्याला दिले. स्वातंत्र्य मिळवताना जो "का?" लागला, तो मिळाल्यावर बिनकामाचा ठरला की काय?

विद्यार्थी आले नाहीत तर विषय बंद पडतो. आणि बंद पडलेला विषय मागायला पुढे कुणी येत नाही. तेव्हा वाचकहो, यंदा फराळाला जमाल तेव्हा पुतणीला, भाचीला "खाणार काय?" जरूर विचारा. वकिलीची, शिक्षकीची, वृत्तपत्राची वाट बी. ए.नंतर तिलाही मोकळी आहे. तो हिशेब तिच्याबरोबर बसून मांडा. मग दुसरा प्रश्न तिला विचारू द्या : पोट भरल्यावर माणसाने जगायचे कशासाठी?