हजेरीपटावरील अनुत्तरित नावे

महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेच्या इतिहासात 1975 हे वर्ष विलक्षण होते. जुन्या पद्धतीची अकरावी आणि नव्या आकृतिबंधाची दहावी, अशा दोन इयत्तांचे विद्यार्थी त्या एकाच वर्षी शालान्त परीक्षेस बसले. थोरला भाऊ अकरावीतून आणि धाकटी बहीण दहावीतून एकाच वेळी बाहेर पडली, अशीही घरे होती. 2025 साली ह्या गोष्टीस 50 वर्षे झाली आणि त्या वर्गांचे स्नेहमेळावे ठिकठिकाणी भरले. आमच्या वर्गाचा मेळावा कळंब्यास झाला.

कोल्हापूरकरांस कळंबा सांगावयास नको. गारगोटी रस्त्यावरील हे गाव आता शहरास येऊन मिळाले आहे. परंतु आमच्या शालेय वयात तेथवर सायकलने जाणे ही सहल गणली जाई. कळंब्याच्या तलावाचे पाणी एके काळी शहरातील ‘पाण्याच्या खजिन्या’त येई आणि तेथून पेठांत खेळे. वर्गाचेही तसेच होते. गुजरीतील सराफाचा मुलगा, लक्ष्मीपुरीतील धान्य-व्यापाऱ्याचा मुलगा आणि शाहू मिलमधील कामगाराचा मुलगा एका बाकावर बसत. कोणाच्या वडिलांची उलाढाल किती, हा प्रश्न त्या वयात कोणास पडत नसे.

मेळाव्यात जे व्हावयाचे ते सारे झाले. टोपणनावे निघाली, छड्यांचे हिशेब निघाले, प्रयोगशाळेत फुटलेल्या परीक्षानळीचा खरा गुन्हेगार अर्ध्या शतकानंतर उघड झाला. त्यानंतर आमच्या वयोवृद्ध गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरवरून उतरवून आणलेली नावे पूर्वीच्याच क्रमाने वाचली. काही नावांस ‘हजर, सर’ असे उत्तर आले. काही नावांस शेजारच्याने हळूच ‘गेला, सर’ असे म्हटले, तेव्हा सर्वजण क्षणभर स्तब्ध झाले. परंतु अशीही बरीच नावे होती, की ज्यांस कोणीच उत्तर दिले नाही. ती व्यक्ती आहे की नाही, कोठे आहे, हे कोणासही ठाऊक नव्हते. आजचा लेख त्या नावांविषयी आहे.

ह्या अनुत्तरित नावांत मुलींची नावे अधिक होती. त्याचे कारण उघड आहे. रजिस्टरवर माहेरचे नाव आणि माहेरचे आडनाव. विवाहानंतर आडनाव बदलले, काहींचे पाळण्यातले नावही बदलले. मुलगा शोधावयाचा तर वडिलांचे दुकान सापडते, दुकानावरील पाटी सापडते. मुलीस मात्र अशी पाटी नसते. आमच्या व्यापारी घरांत त्या काळी शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की मुलीचे स्थळ पाहावयास आरंभ होई. पहिल्या पाचांत येणारी मुलगी आणि जेमतेम उत्तीर्ण झालेली मुलगी, दोघींचा पुढील मार्ग एकच असे.

वर्गातील एक भगिनी मेळाव्यानंतर दोन महिन्यांनी सापडल्या. गणितात त्यांचा हात वर्गात कोणी धरीत नसे. माहेरच्या दुकानात विचारणा केली, तेव्हा भाच्याने पत्ता दिला. सीमाभागातील एका बाजारपेठेत त्यांचे सासर. आम्ही तिघे भेटावयास गेलो. बोलता बोलता कळले, की गेली 40 वर्षे दुकानाची रोजकीर्द आणि खतावणी त्याच लिहीत आल्या; विक्रीकर गेला, वस्तू व सेवा कर आला, तरी घरातील शेवटचा ताळा त्यांच्याच हातचा. मेळाव्याचे निमंत्रण न पोहोचल्याबद्दल आम्ही दिलगिरी व्यक्त केली. त्या म्हणाल्या, “भाऊ, निमंत्रणाचं राहू द्या. माझं ते जुनं नाव तिथे मोठ्यानं वाचलं गेलं, एवढं मला खरं सांगा.” वाचले गेले होते, असे सांगितले. त्या उठून चहा ठेवण्यास आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसरा प्रकार संकोचाचा. ज्याचा धंदा बुडाला, ज्याची पेढी मिटली, ज्यास भावांच्या वाटणीत काही उरले नाही, तो निमंत्रण मिळूनही येत नाही. त्याचे दूरध्वनीवरील उत्तर ठरलेले असते: “त्या दिवशी नेमकं बाहेरगावी आहे.” बँकेच्या नोकरीत ही भाषा मी पुष्कळ ऐकली. हप्ता थकलेला सज्जन माणूस प्रथम शाखेसमोरचा रस्ता बदलतो. मेळाव्याची वर्गणी मोठी ठेवली, व्यासपीठावरून देणग्यांचे आकडे पुकारले, यशस्वी मित्रांचे सत्कार मांडले, की असे मित्र गावात असूनही बाहेरगावी जातात. मग जमतो तो वर्ग नव्हे; त्यातील केवळ नफ्याची बाजू जमते. एकच बाजू लिहिलेल्या खात्यास आपल्यापैकी कोणता व्यापारी खरे मानील?

शाळेतील प्रगतिपुस्तक आणि आयुष्याचा ताळेबंद ह्यांत किती अंतर असू शकते, ह्याचे उदाहरण कोल्हापूरच्या मातीतच आहे. ह्याच नगरीत शालेय शिक्षण घेतलेले महादेव गोविंद रानडे 1862 साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यांच्या हुशारीची वार्ता सर्वत्र झाली. पुढे कुंभोज येथे 1887 साली जन्मलेला एक मुलगा येथील जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कुलात शिकू लागला. तो मॅट्रिक होऊ शकला नाही. पुढे त्याने ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. त्या वर्षांत त्याच्या वर्गाचा मेळावा भरला असता, तर त्याचे नाव सत्काराच्या यादीत खचितच नसते. 1919 साली त्याच कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि मॅट्रिक न झालेल्या ह्या गृहस्थाने खेड्यापाड्यांतील मुलांसाठी शाळांची दारे उघडली.

अर्थात प्रत्येक मागे राहिलेला मित्र कर्मवीर होत नाही, होण्याची आवश्यकताही नाही. वर्गातील त्याची जागा कर्तृत्वावर अवलंबून नव्हती. ती बाकावरची जागा होती. बँकेत 2 वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते. 10 वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. तथापि ठेवीदाराचा हक्क तेव्हाही संपत नाही; तो किंवा त्याचे वारस ओळख पटवून रक्कम परत मागू शकतात. मैत्रीच्या खात्यास ह्याहून कठोर नियम आपण का लावावा?

ज्या वाचकांच्या वर्गाचे मेळावे येत्या काळात भरावयाचे आहेत, त्यांस काही सूचना कराव्याशा वाटतात. वर्गणी सर्वांस झेपेल एवढीच ठेवावी; ज्यास अधिक द्यावयाचे असेल त्याने नाव न पुकारता द्यावे. भगिनींचा शोध माहेरच्या पत्त्यापासून करावा आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे शाळेतील नाव अवश्य छापावे. जो ‘बाहेरगावी आहे’ असे म्हणतो, त्याच्याकडे दूरध्वनी न करता दोघांनी प्रत्यक्ष जावे. मेळाव्याविषयी न बोलता घटकाभर बसावे. आणि नावे वाचताना पूर्ण पट वाचावा. उत्तर आले नाही तरी पुढच्या नावाकडे घाई करू नये.