परिमळ, आमोद आणि वैशाखातले ऊन

उन्हाळा तोंडावर आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून सुगंधद्रव्यांविषयीचे सल्ले सुरू होतात. सुगंध दिवसभर कसा टिकवावा, घामावर मात कशी करावी, फवारे कुठे आणि किती मारावेत, असा त्यांचा साधारण मजकूर असतो. आम्ही हे सल्ले वाचतो, क्वचित पाळतोही. पण त्यांत एक प्रश्न कधी विचारलेला आम्हांला आढळला नाही : हा सुगंध नेमका कुठपर्यंत पोचावा? टिकणे ही काळाची गोष्ट झाली, अंतराचे काय? उन्हाळ्यात अत्तर सुखाने वापरायचे असेल तर आमच्या मते हा अंतराचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. सुख एकट्या लावणाऱ्याचे नसते, शेजारी बसलेल्याचेही असते.

भाषेच्या अध्यापकांनी शब्दांपासून आरंभ करावा हे ओघानेच आले. अमरकोशात ‘परिमल’ आणि ‘आमोद’ हे दोन शब्द लागोपाठ येतात, पण कोशकार त्यांत भेद करतो. परिमल म्हणजे घासल्याने, चुरडल्याने निर्माण होणारा मनोहर गंध. आमोद म्हणजे लांबवर पसरणारा गंध. एकाला स्पर्श हवा, सान्निध्य हवे. दुसरा दूरच्या माणसालाही गाठतो. मराठीने ‘परिमल’ हा शब्द ‘परिमळ’ म्हणून जवळ केला आणि संतकवींनी त्याला अंतरंगाचा अर्थ दिला. ‘आमोद’ मात्र ‘आमोदप्रमोद’ या जोडशब्दात अडकून गंधाचा अर्थ विसरला. तरीही मराठीजवळ हा भेद सांगणारे देशी शब्द भरपूर आहेत. मोगरा दरवळतो, मसाल्याचा घमघमाट सुटतो, आणि उग्र वासाचा भपकारा येतो. भपकारा कधी ‘मंद’ असत नाही, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. आजच्या जाहिराती जे विकतात तो आमोद आहे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात आमोदाचा भपकारा व्हायला फार वेळ लागत नाही.

का लागत नाही, याचे कारण साधे आहे. उष्णतेने बाष्पीभवन वाढते. हिवाळ्यात त्वचेवरून हळूहळू सुटणारे गंधद्रव्य उन्हाळ्यात एकदम सुटते. लिंबूवर्गीय, हलके घटक तर काही मिनिटांत उडून जातात आणि मागे जड, गोडसर, कस्तुरीच्या जातीचे घटक उरतात. सकाळी आरशासमोर जो वास आवडला होता, तो दुपारी बारा वाजता अंगावर नसतोच. दुसराच कोणीतरी असतो. त्यात आपल्या नाकाचा स्वभाव असा की ते सततच्या वासाला लवकर सरावते. लावणाऱ्याला वाटते, गेला वास. म्हणून तो आणखी दोन फवारे मारतो. शेजाऱ्याच्या नाकाला मात्र पहिले चार अजून जाणवत असतात. आपल्या अत्तराची मात्रा आपल्या नाकाने ठरवता येत नाही ती यामुळे.

हवामानाचाही फरक आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या कोरड्या झळांत सुगंध चटकन उडून जातो आणि नाकही कोरडे पडून मंदावते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत वास तीव्र जाणवतो, आणि गर्दीच्या लोकलमध्ये तर तो जायला जागाच नसते. एकच बाटली दोन्हीकडे सारखीच वापरावी असे सांगणारा सल्ला म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही.

आता जुन्यांनी काय केले ते पाहू. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी कण्वांचा शिष्य प्रियंवदेला विचारतो, हे उशीराचे अनुलेपन आणि ही कमळाची पाने कोणासाठी? उन्हाने शकुंतला अस्वस्थ आहे, असे उत्तर त्याला मिळते. (खरा ताप कशाचा, हे प्रेक्षकाला ठाऊक असतेच.) हे उशीर म्हणजे आपला वाळा. मराठीत ‘उशीर’ म्हणजे विलंब. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी असावीत, पण योगायोग मोठा गोड आहे, कारण वाळ्याचे तेल सुगंधी तेलांत अत्यंत सावकाश उडणाऱ्यांपैकी आहे. इथे लक्षात घ्यावे ते असे की अनुलेपन शकुंतलेला नटवण्यासाठी चाललेले नाही, निववण्यासाठी चालले आहे. पंढरपुरात विठ्ठलाला उन्हाळाभर चंदनउटी लावतात ती याच भावनेने. वाळ्याच्या ताट्या, माठात सोडलेली वाळ्याची जुडी, तापाच्या कपाळावर ठेवलेली कोलनवॉटरची घडी, ही सगळी एकाच घराण्यातली माणसे. शास्त्र म्हणेल की थंडावा पाण्याच्या किंवा अल्कोहोलच्या बाष्पीभवनाचा असतो, सुगंध त्याच्याबरोबर फुकट येतो. म्हणेना का! पिढ्यान् पिढ्या दोघे एकत्र आल्याने आपले नाक वाळ्याच्या वासालाच गार मानू लागले आहे. साहित्यात ज्याला साहचर्य म्हणतात, ते इथे त्वचेपर्यंत पोचलेले दिसते.

दुसरा साक्षीदार वात्स्यायन. ‘कामसूत्रा’तील नागरकाच्या दिनचर्येत रोजचे स्नान आहे, फेसाळ द्रव्याने अंग धुणे आहे, आणि काखेतला घाम सतत टिपत राहण्याची स्पष्ट सूचना आहे. अनुलेपन लावायचे तेही ‘मात्रया’, म्हणजे बेताने. या क्रमात आम्हांला आजच्या सल्ल्यांहून अधिक शहाणपण दिसते. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. बंद, ओलसर जागी त्वचेवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा तो येतो. म्हणजे आधी घाम टिपणे, मग सुगंध. शिळ्या घामावर फवारा मारला तर दोहोंचा मिळून तिसराच वास जन्मतो, आणि त्याला अजून कोणत्याही कोशात नाव नाही. अर्थात नागरकाला आठ पस्तीसची लोकल गाठायची नव्हती आणि त्याच्या उंबरठ्याबाहेर राबणाऱ्यांच्या घामाबद्दल वात्स्यायनाने अवाक्षर काढलेले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

मराठीचा या विद्येशी संबंध केवळ ऐकीव नाही. भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी हस्तलिखितांतून सुगंधविद्येचा इतिहास धुंडाळला. गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ त्यांनी अभ्यासकांसमोर आणले, आणि यांपैकी ‘गंधवादा’वर जुन्या मराठीत टीका आहे. म्हणजे कोणा मराठी माणसाने सुगंधी द्रव्यांची मिश्रणे, त्यांची प्रमाणे, त्यांची प्रक्रिया मराठीत समजावून सांगण्याची गरज ओळखली होती. जुन्या मराठी गद्याचा विचार करताना आपण महानुभावांपासून बखरींकडे जातो. या टीकेकडे आमच्या अभ्यासक्रमाने कधी मान वळवली नाही. ग्रंथ बडोद्याहून छापलेला आहे, आणि एखाद्या एम.फिल. झालेल्या, विषयाच्या शोधात असलेल्या विद्यार्थ्याने तो उघडावा असे आम्हांला फार वाटते.

घरगुती आचारात हा मात्रेचा विवेक चांगला टिकला होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हरभऱ्यांची ओटी, कैरीची डाळ, पन्हे, आणि हाताच्या पाठीवर अत्तराचे एक बोट. वर गुलाबपाण्याचा शिडकावा. एक बोट म्हणजे एकच बोट. कोणी बाटली उपडी केली नाही. तो वास घ्यायचा तर स्वतःचा हात स्वतःच नाकाशी न्यावा लागे. अमरकोशातल्या परिमलाचे याहून चांगले उदाहरण आम्हांला वर्गात देता आलेले नाही. पण त्या बोटाचा हक्क सर्वांना नव्हता. विधवा बाईला हळदीकुंकू नाही, म्हणून गजरा नाही, म्हणून अत्तरही नाही. चैत्रातल्या सुगंधाचे गोडवे गाताना दाराआड बसलेली ती बाई विसरली जाते, आणि स्मरणरंजनपर ललित लेखांत ती आम्हांला फारच कमी वेळा भेटते.

अत्तर घ्यायचेच तर कोणते? अत्तरवाल्यांची ऋतुवारी जुनीच आहे : थंडीत हिना, शमामा, ऊद, कस्तुरी, उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा, केवडा आणि मातीचे अत्तर. हे शेवटचे कनौजचे. तिथे भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्यासह उकळतात आणि वाफ बांबूच्या नळीतून चंदनतेल असलेल्या भांड्यात उतरवतात. या भांड्याला तिथे भपका म्हणतात. आपल्याकडे भपका म्हणजे डौलाचे प्रदर्शन. तिथे मात्र तो मुकाट्याने पाण्यात बसून वाफ गोळा करतो! १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा ‘नेचर’मधील आपल्या लेखात त्यांनी उत्तर प्रदेशातल्या या मातीच्या अत्तराची दखल घेतली होती. विज्ञानाने ज्याचे नामकरण केले ते कारागिरांनी आधीच बाटलीत भरले होते. मात्र चंदनतेल महागल्यापासून अनेक स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिनसारखा गंधहीन आधार वापरतात. तेव्हा ‘अस्सल’ या शब्दावर भाळू नये.

लावण्याविषयी चार गोष्टी अनुभवाने सांगता येतात. स्नानानंतर अंग नीट कोरडे करून, घाम फार येत नाही अशा जागी, थेंबाच्या हिशेबाने लावावे. मान आणि काखा टाळाव्यात. सर्वांत सोयीचा हातरुमाल, किंवा जुन्या पद्धतीने कानातला फाया : नको झाला तर काढून ठेवता येतो, त्वचेवरचा फवारा परत घेता येत नाही. सुती कपड्यावर चालेल, रेशमावर डाग पडतो. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय तेलांची द्रव्ये उघड्या त्वचेला लावून उन्हात गेल्यास काळसर डाग उमटू शकतात, म्हणून ती कपड्यावरच बरी. आणि गजरा आहेच. मोगरा संध्याकाळी उमलतो, रात्री दरवळतो, सकाळी टाकून देतात. चोवीस तास टिकण्याचा दावा त्याने कधी केला नाही.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. उन्हाळा हा आमच्या धंद्यात परीक्षांचा काळ. पत्र्याचे किंवा तापलेल्या स्लॅबचे छप्पर, खोलीत चाळीस मुले, वर दोन पंखे, त्यांतला एक नुसताच आवाज करणारा. तीन तास कोणालाही जागा बदलता येत नाही. अशा खोलीत पर्यवेक्षकाच्या अंगावरचा उग्र फवारा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरत असतो. अर्धशिशीच्या मुलीने, दम्याच्या मुलाने काय करावे? ‘सर, तुमच्या सेंटने डोके दुखते’ हे वाक्य कोणी विद्यार्थी उच्चारू शकत नाही. मराठीत ते सभ्यपणे म्हणण्याची रीतच घडलेली नाही. याउलट घामाचा वास आला तर? त्यासाठी मात्र भाषा तयार आहे. ‘अंघोळ करून येत जा’ हे आम्ही शिक्षकांच्या खोलीत हसत सांगितलेले ऐकले आहे, आणि ज्याच्याबद्दल सांगितले तो मुलगा दीड तास एसटीत उभा राहून आला होता. नारायण सुर्व्यांच्या कवितेवर तासभर तन्मयतेने बोलून आलेला अध्यापक त्याच दुपारी घामेजलेल्या विद्यार्थ्यापासून खुर्ची सरकवतो, तेव्हा कष्टाचे गौरवगान फळ्यापुरतेच होते की काय, अशी शंका येते. विकत घेतलेल्या वासाला आपण आक्रमण समजत नाही, अंगातून आलेल्या वासाला समजतो. डोकेदुखी मात्र दोन्हीकडे सारखीच असते. किंबहुना घामाला पंखा पुरतो.

आमच्यापैकी काहींनी यंदा एवढे ठरवले आहे की पर्यवेक्षणाच्या दिवशी अत्तर लावायचे नाही, आणि खोलीत जाताना माठाचे पाणी मुलांच्या हाताशी असेल असे पाहायचे. माठात वाळ्याची एक जुडी टाकायला शिपाईमामांची हरकत नाही. दोन-तीन दिवसांनी ती काढून उन्हात वाळवावी लागते, तेवढे काम त्यांनी आमच्यावर सोपवले आहे.